स्वाती, त्या मुलाबद्दल

सिडको, नाशिक

चि. स्वातीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला गेलं की माझा आवाज चढतो आणि तुझी मीटिंग निघते, म्हणून कागद घेतला. पोस्टानेच टाकतोय. फोटो काढून पाठवायचा तर प्रशांतला सांगावं लागेल, आणि हे त्याच्या हाती पडायला नको. का ते पुढे येईलच.

आईचा गुडघा बरा आहे. डॉक्टरांनी मांडी घालून बसू नका म्हणून सांगितलंय, ही ऐकत नाही. गौरींचं सामान माळ्यावर गेलं. तुझी निळी ओढणी इथंच राहिली. समीररावांना सांग, त्यांनी दिलेलं बीपीचं मशीन मी रोज लावतो आणि आकडे वहीत लिहितो. तू गेलीस त्या दिवशीचा आकडा तेवढा त्यांना कळवू नकोस, आईने कळवला असेल तरी विषय काढू नकोस.

त्या मुलाखतीबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच बसलो होतो. तर तो मुलगा.

वरच्या खोलीत बसून तू लॅपटॉपवर त्याची नोकरीची मुलाखत घेतलीस आणि जेवताना आम्हाला नक्कल करून दाखवलीस. प्रश्न विचारला की हा आधी तोच प्रश्न सावकाश परत म्हणतो. मग ‘व्हेरी गुड क्वेश्चन’. मग जरा थांबतो. आणि मग एकदम छापील इंग्रजी, ‘फर्स्टली, सेकंडली’ करत, कुठे अडखळणं म्हणून नाही. डोळे डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. तू म्हणालीस पूर्ण स्क्रीन शेअर कर, तर त्याला बटण सापडेना. शेवटी तू त्याला डोळे मिटून उत्तर द्यायला लावलंस आणि त्याची बोबडी वळली. आई हसली, मीही हसलो. नक्कल तुला लहानपणापासून छान येते. प्रशांत मोदक अर्धा टाकून उठला ते तुझ्या लक्षात आलं नाही.

मग मी विचारलं, तो एआयने दिलेली उत्तरं वाचतच होता कशावरून? तू म्हणालीस, ‘अण्णा, तुम्हाला यातलं कळत नाही.’ पुढचं सगळ्या गल्लीने ऐकलं.

तर यातलं मला थोडंफार कळतं. पेपर वाचतो, आणि न कळलेलं प्रशांतला विचारतो. नोव्हेंबर 2022 मध्ये ते चॅटजीपीटी आलं आणि वर्ष-दोन वर्षांत मुलाखतीत कानाशी बसून उत्तरं पुरवणारी ॲप निघाली. समोरच्याचा प्रश्न ॲप ऐकतं, उत्तर उमेदवाराच्या स्क्रीनवर येतं, आणि स्क्रीन शेअर केली तरी मुलाखत घेणाऱ्याला ते दिसत नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने असलंच काहीतरी बनवलं, 2025 मध्ये विद्यापीठाने त्याला निलंबित केलं, आणि लगेच त्याच्या कंपनीत लोकांनी लाखो डॉलर घातले. त्याच्याही आधी, जून 2022 मध्ये, अमेरिकेच्या एफबीआयने इशारा दिला होता की घरबसल्या करायच्या नोकऱ्यांसाठी लोक डीपफेकने, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेल्या खोट्या चेहऱ्याने, दुसऱ्याचं रूप घेऊन मुलाखतीला बसतायत. तेव्हा तू उगाच संशय घेतेस असं मी म्हणत नाही. तुझ्या टीममध्ये असा एखादा आला तर त्याचं काम रात्री जागून तुलाच करावं लागेल, हेही मला समजतं. आमच्या कारखान्यात असा एक वशिल्याचा आला होता, त्याचे डाय म्हणजे साचे मी रविवारी येऊन दुरुस्त करायचो. तेव्हा तू तिसरी-चौथीत असशील, तुला ते रविवार आठवतील.

टूलरूमला फिटर घ्यायचा तर सर्टिफिकेटवर आम्ही कधीच जात नव्हतो. ट्रेड टेस्ट. एमएसच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, पट्टीचा तुकडा, ड्रॉइंग, व्हाइस आणि फाईल म्हणजे कानस. पोरगा कामाला लागला की मी आधी त्याचे पाय बघायचो. फाईल मारताना पाय कुठे टाकतो आणि वजन कसं देतो, यावरून हातात फाईल किती दिवस आहे ते कळतं. काम झालं की जॉबला, म्हणजे त्या तुकड्याला, काटकोन बघायचा गुण्या लावायचा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरायचा. मधून उजेडाची रेघ दिसली की पुढे काही बोलायला लागायचं नाही, पोराचाच चेहरा पडायचा.

आता कॉपी त्यातही होती. कुणाचा मामेभाऊ अंबडला कामाला असायचा, तो तसाच जॉब करून द्यायचा, हा डब्याच्या पिशवीत घालून आणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत बदलायचा. त्यावर आम्ही काय केलं, तर तुकडा हातात देण्याआधीच त्यावर नंबर पंच करायला लागलो. संपला विषय. कुणाच्या पिशव्या तपासल्या नाहीत की कुणाच्या तोंडाकडे संशयाने बघितलं नाही. शिवाय काम अर्धं झालं की मी जाऊन सांगायचो, हा स्लॉट दोन एमएम अलीकडे घे. किंवा विचारायचो, बास्टर्ड (भरड) फाईल का घेतलीस, स्मूथ का नाही? ज्याला येतं त्याला या प्रश्नाचा राग यायचा. त्या रागावर मी कितीतरी पोरं घेतली.

आणि तू तेच करतेस, हे मी जिन्यात उभं राहून ऐकलं. (आई म्हणाली जिन्यात उभं राहू नका.) गणित अर्धं सुटलं की तू मधेच आकडा बदललास. मग म्हणालीस, तुझ्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात वाईट काय बिघडलं होतं ते सांग, आणि ते कुणाला पहिल्यांदा कळलं? छान प्रश्न. असं कुणाला पहिल्यांदा कळलं हे कुठल्या यंत्राला माहीत असणार? शेजारच्या कुलकर्णीकाकांना मी सांगितलंसुद्धा, की आमची स्वाती आता टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसते. दोनदा सांगितलं, तर ते म्हणाले मागच्या आठवड्यातही सांगितलं होतंत.

पण डोळ्यांवरून ठरवू नकोस गं. एवढंच म्हणायचं होतं मला त्या दिवशी.

विचार करताना माणूस इकडेतिकडे बघतोच. तो मुलगा कळवणकडचा, तूच म्हणालीस. तिकडे, पेठ-सुरगाण्याकडे तर विचारूच नकोस, रेंज कशी असते? आवाज उशिरा पोचला तर माणूस थांबतो, प्रश्न नीट ऐकू आला नाही म्हणून परत म्हणून बघतो. आणि ज्याने बारावीपर्यंत सगळं मराठीत वाचलंय, तो इंग्रजी बोलणार ते छापीलच बोलणार, कारण त्याने ते छापलेल्यातूनच घेतलंय. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ते एआय ओळखणारे प्रोग्रॅम तपासले, तर इंग्रजी परभाषा असलेल्या मुलांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून जास्त त्या प्रोग्रॅमनी यंत्राचे ठरवले. चॅटजीपीटीवाल्यांनीही स्वतःचा असला प्रोग्रॅम त्याच वर्षी जुलैमध्ये मागे घेतला, बरोबर ओळखत नाही म्हणून. ते लेखनाचं आहे, बोलण्याचं नव्हे, हे मला कळतं. पण ज्यांनी यंत्र बनवलं त्यांना ओळखू येईना, तर त्या लॅपटॉपच्या खिडकीतून तुला चार मिनिटांत कसं ओळखू आलं?

आणि डोळे मिटायला लावणं मला आवडलं नाही. वाचत असेल तर पकडला जाईल, मान्य. पण वाचत नसेल तर? चांगला शिकलासवरलेला मुलगा, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला, आणि त्याला सांगायचं डोळे मिट. त्याच्या घरी कुणी दाराआडून ऐकत असेल.

त्यापेक्षा आधीच मेलमध्ये सरळ लिहा, कशाला परवानगी आहे आणि कशाला नाही. कित्येकांना ते माहीतच नसतं. कॉलेजात सर म्हणतात एआय वापरा, काळाबरोबर चला, आणि तुम्ही म्हणता वापरलंत तर बाद. एक फेरी अशी ठेवा की वापर बाबा काय वापरायचं ते, आणि त्याने दिलेल्यात चूक कुठे आहे ते मला दाखव. शेवटची फेरी समोर बसवून घ्या. गूगलचे सुंदर पिचईसुद्धा 2025 मध्ये म्हणाले, की निदान एक फेरी तरी प्रत्यक्ष भेटून व्हावी. मात्र बोलावणार असाल तर जाण्यायेण्याचं भाडं कंपनीने द्यावं. पुण्यात राहणाऱ्याला ते जड नाही, कळवणच्या मुलाला आहे. आणि संशय आला तर त्याला विचारावं, की मला असं वाटतंय, तुझं काय म्हणणं? कॉल कट करून मोकळं होणं हे

हे बघ, झालं माझं भाषण सुरू. आई आत्ताच मागून वाचून गेली आणि म्हणाली, पोरगी मॅनेजर आहे, तुमची हेल्पर नाही. राग मानू नकोस. तुझ्यावर दिवसाला किती मुलाखती पडतात, वर तुझं स्वतःचं काम, हे मला ठाऊक आहे. बोललो ते विसर. पण भाड्याचं बघ.

तुझे कॅम्पस इंटरव्ह्यू होते ते वर्ष आठवतं? क्लासवाल्यांनी ‘टेल मी अबाऊट युवरसेल्फ’चं उत्तर टाईप करून दिलं होतं आणि तू रोज संध्याकाळी गच्चीवर येरझाऱ्या घालत पाठ करायचीस. ‘माय स्ट्रेंथ इज हार्ड वर्क, माय वीकनेस इज आय ॲम अ परफेक्शनिस्ट.’ आईला पाठ झालं होतं. ती भाकरी थापताना म्हणायची. प्रशांत आठवी-नववीत असेल, तो पाण्याच्या टाकीवर बसून तुझी चूक काढायचा, आणि तू त्याला चप्पल फेकून मारायचीस. त्या साहेबांनी तुला त्याच प्रश्नाचं उत्तर विचारलं तेव्हा तुझ्या बॅचच्या सगळ्या मुलींनी तेच उत्तर दिलं असणार, आणि त्यांनाही ते कळलंच असणार. तरी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. पुढच्या प्रश्नाला तू तुझं स्वतःचं बोललीस, ते आटपाडीच्या टँकरच्या सॉफ्टवेअरचं. घरी येऊन तूच सांगितलंस. मी त्या रात्री कॉलेज रोडवरून सगळ्यांसाठी आइस्क्रीम आणलं होतं आणि अर्धं रस्त्यातच पातळ झालं होतं. पाठ केलेलं आणि वाचलेलं यात फरक आहे, तू म्हणशील. आहे. मोठा आहे. मी फक्त पुढचा प्रश्न विचारला गेला त्याबद्दल बोलतोय.

आता जे लिहायचं होतं ते.

प्रशांतच्या मुलाखती चालू आहेत. मधल्या खोलीत बसतो, दाराला कडी, खिडकीला टॉवेल. परवाचीही गेली, कारण कळवत नाहीत. तुला माहीत आहे तो कसा आहे. काही विचारलं की आधी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघतो, जणू उत्तर तिथं एखाद्या तिथीखाली लिहिलंय. शाळेत बाई ओरडायच्या, इकडे बघ म्हणून. आजोबाही तसेच बघायचे. तू त्याच्यासमोर ती नक्कल केलीस तेव्हा तो का उठला, हे मला त्या रात्री अंथरुणावर पडेपर्यंत कळलं नाही, आणि कळल्यावर झोप लागली नाही. पलीकडे तुझ्यासारखीच कुणीतरी हुशार मुलगी बसलेली असेल आणि तिने त्याला त्या कॅलेंडरपायी खोडून टाकलं असेल तर?

एवढंच असतं तरी बरं होतं. पण परवा मी पाणी प्यायला उठलो, तर दाराआडून त्याचा आवाज येत होता. इंग्रजी असं सरळ, असं न थांबता, की हा आपला प्रशांत बोलतोय असं वाटेना. त्याची तयारी झाली असेल. मोबाईलवर ते बोलायचं शिकवणारं काहीतरी लावून बसतोही रोज. मी ग्लास हातात घेऊन तसाच उभा राहिलो. त्याने कडी काढली तेव्हा मी फ्रिज उघडून उभा होतो. काय घेताय, त्याने विचारलं. मी म्हटलं, दही.

विचारलेलं नाही अजून. विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर माझा विश्वास बसला नाही हे त्याला कळणार. आपल्या घरात कुणालाच चेहरा लपवता येत नाही. आणि हो म्हणाला तर काय करायचं, ते मला या वयात कळत नाही. तू विचारू नकोस. किंवा विचार, पण मॅनेजरसारखं नको. त्याच्याशी सरावाच्या मुलाखती घे रविवारी, एवढं करता येईल का? ते मधेच आकडा बदलायचं त्याच्यावर कर. राग आला तर मला फोन करून सांग.

पाकिटात दोनशे रुपये ठेवलेत, समीररावांच्या वाढदिवसाचे. ओढणी पुढच्या वेळी येशील तेव्हा ने, किंवा मावशी पुण्याला येतेय तिच्याकडे देतो.

आणि त्या कळवणच्या मुलाला नकाराचा मेल गेला का? गेला नसेल तर एकदा समोर बोलावून बघ. पहाटे पाचच्या एसटीला बसला तर दुपारपर्यंत पुण्याच्या नाशिक फाट्याला उतरतो, तिथून हिंजवडीला रिक्षाला खूप घेतात, त्याला बस कुठली ते मेलमध्ये लिही.

तुझे,
अण्णा