एअर फिल्टरला हवा मारण्यापूर्वी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यानंतर गाडीची काय काळजी घ्यावी, यावर आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. ब्रेक, बॅटरी आणि वायपरचा भाग कात्रण काढून ठेवावा इतका चांगला आहे. एअर फिल्टरबद्दलच्या, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणाऱ्या भागाबद्दलच्या, दोन वाक्यांना मात्र आमचा आक्षेप आहे. दर सर्व्हिसिंगला फिल्टरला कॉम्प्रेसरने हवा मारून तो साफ करून घ्यावा, हे एक. धुऊन वापरायचा फिल्टर बसवला की मायलेज वाढते, हे दुसरे. दोन्ही गोष्टी गॅरेजमध्ये आणि पार्ट्सच्या दुकानात रोज सांगितल्या जातात, त्यामुळे लेखकाला दोष देता येत नाही. पण छापून आले की लोक ते प्रमाण मानतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला साधारण ९,००० लिटर हवा लागते. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी १०,००० किलोमीटर चालली, तर तिच्या फिल्टरमधून ६० लाख लिटर हवा गेलेली असते. या हवेतली डोळ्यांना दिसणारी जाड धूळ कुठलाही फिल्टर अडवतो, तिची चिंता नको. घात करते ती ५ ते २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक धूळ. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज यावा. या धुळीतले सिलिकाचे कण सिलिंडरच्या बिडापेक्षा कठीण असतात आणि पिस्टन रिंग व सिलिंडर यांच्यामधल्या ऑइलच्या पातळ थरात नेमके मावतात. रिंगा झिजल्या की ऑइल जळू लागते, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, आणि तोवर फिल्टरचा कुणाला संशयही आलेला नसतो. टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा, असलेल्या गाडीत ही धूळ आधी टर्बोच्या पात्यांच्या कडा खाते.

म्हणून दुकानात ‘हा ९७ टक्के धूळ अडवतो, तो साडेनव्याण्णव, फरक अडीच टक्क्यांचाच’ असे कुणी म्हणाले तर हिशेब उलट्या बाजूने करावा. फिल्टरपर्यंत १०० ग्रॅम धूळ आली तर पहिला ३ ग्रॅम आत सोडतो आणि दुसरा अर्धा ग्रॅम. इंजिनच्या दृष्टीने हा फरक सहापटींचा आहे.

आता हवा मारण्याविषयी. कागदी फिल्टर नवा असताना जितकी धूळ अडवतो, त्याहून जास्त तो थोडा वापरल्यावर अडवतो. कागदाच्या तंतूंवर बसलेला धुळीचा थर पुढच्या धुळीला चाळणीसारखा अडवतो. म्हणजे करडा पडलेला फिल्टर बिघडलेला नसतो, उलट भरात असतो. कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब जवळून मारला की हा थर तर उडतोच, शिवाय कागदाचे तंतू फाकतात, चुण्यांच्या घडीवर केसासारख्या चिरा पडतात आणि कडेचा गोंद सुटतो. हवा मारलेला फिल्टर दिसायला स्वच्छ असतो, म्हणून गिऱ्हाईक खूश होते. फरशीवर आपटून साफ करणे तर त्याहून वाईट, कारण त्यात रबरी कड वाकते. काही कंपन्यांच्या पुस्तिकेत हवा मारायला परवानगी आहे हे खरे, पण ती स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे आणि बेताच्या दाबाने. नळी लांब धरून इतक्या सबुरीने हे काम करणारा कारागीर विरळाच. शंका असल्यास फिल्टरच्या आत टॉर्च धरावा आणि बाहेरून पाहावे. सगळीकडे सारखा मंद उजेड दिसला तर ठीक. एखादा ठिपका किंवा रेघ लख्ख चमकली तर तिथे भोक आहे आणि तो फिल्टर फेकून द्यायचा.

मायलेजबद्दल अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर लावून चाचण्या घेतल्या होत्या. इंधन इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाड्यांच्या मायलेजमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. फरक पडला तो पिकअपमध्ये, म्हणजे गाडीने वेग घेण्यात. इंजेक्शनऐवजी कार्ब्युरेटरने हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या गाडीत मात्र नेहमीइतका चोंदलेला फिल्टर बदलल्यावर मायलेज २ ते ६ टक्क्यांनी सुधारते. इंजेक्शनच्या गाडीत फरक न पडण्याचे कारण सोपे आहे. पेट्रोल इंजिनात हवा अडवण्याचे काम थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, करतच असतो. फिल्टर चोंदला तर आपला पाय नकळत थोडा जास्त दाबला जातो, थ्रॉटल तेवढा जास्त उघडतो, आणि आत आलेल्या हवेच्या मापाने गाडीतला संगणक पेट्रोल सोडतो. चोंदलेल्या फिल्टरने मायलेज घटत नाही, तर मोकळ्या फिल्टरने ते वाढेल कसे? डिझेलचे गणित निराळे. तिथे हवा कमी पडली की काळा धूर येतो, टर्बोला जास्त राबावे लागते आणि डिझेलही जास्त लागते. डिझेल गाडीवाल्याने फिल्टर वेळेवर बदलावा, पण त्यासाठीही चांगला कागदी फिल्टर पुरतो.

धुऊन वापरायचा फिल्टर म्हणजे तेल लावलेल्या सुती जाळीचा. त्यातून हवा मोकळी जाते हे मान्य. शर्यतीच्या गाडीला, जिचे इंजिन ठरावीक काळाने उघडलेच जाते, तिला तो शोभतो. सोलापूर–बार्शी किंवा चंद्रपूरच्या सिमेंट-कोळशाच्या पट्ट्यात रोज फिरणाऱ्या गाडीला नाही. त्याची निगाही वाटते तितकी सोपी नसते. खास क्लीनर लावायचा, आतून बाहेरच्या बाजूला हलक्या धारेने धुवायचे, सावलीत पूर्ण वाळू द्यायचे आणि मग चुण्यांवर बेताचे तेल सोडून ते पसरू द्यायचे. रॉकेल, डिझेल, हेअर ड्रायर, कॉम्प्रेसर यांतले काहीही चालत नाही. तेल कमी पडले तर धूळ सरळ आत जाते. जास्त झाले तर ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तापलेल्या तारेवर बसते, मोजमाप चुकते, आणि चेक इंजिनचा दिवा लागून गॅरेजच्या दोष शोधणाऱ्या स्कॅनरवर पी०१०१ किंवा पी०१७१ असा कोड येतो. मग नवा सेन्सर विकला जातो, जेव्हा गरज सेन्सर क्लीनरच्या फवाऱ्याची असते. कोकणात जुलै महिन्यात तो फिल्टर वाळणार कधी, हा प्रश्न वेगळाच. खर्चाचे म्हणाल तर ५,००० रुपयांच्या अशा फिल्टरऐवजी ४०० रुपयांचे १२ कागदी फिल्टर येतात. दर २०,००० किलोमीटरला एक बदलला तरी २ लाख ४० हजार किलोमीटर निघतात.

बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर बसवण्याची हौस तर टाळलेलीच बरी. फिल्टर ज्यात बसतो तो मूळ डबा बाहेरची गार हवा घेतो, हा शंकू इंजिनची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते, म्हणून ताकद वाढण्याऐवजी कमी होते, वाढतो तो आवाज. त्यातून तो खाली बसवलेला असेल तर पाणी तुंबलेल्या रस्त्यावर पाणीच ओढतो. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो.

मग बाजारातला फिल्टर घ्यावा की गाडी बनवणाऱ्या कंपनीचा? बाजारातला घ्यायला आमची अजिबात हरकत नाही. बॉश, मान, माहले, प्युरोलेटर, इलोफिक अशा नावांचे फिल्टर बाजारात मिळतात आणि अस्सल असतील तर चांगले चालतात. घोळ होतो तो डुप्लिकेट मालात, आणि ‘याच गाडीचा आहे, बसेल’ म्हणून दिलेल्या जवळपासच्या मापात. एकाच गाडीच्या पेट्रोल आणि डिझेल प्रकारांचे फिल्टर वेगळे असू शकतात. मॉडेल बदलल्यावर त्याच नावाच्या गाडीचा डबाही बदललेला असतो. म्हणून दुकानात गाडीचे नाव पुरत नाही. इंजिन, उत्पादनाचे वर्ष आणि जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर न्यावा. जुना फिल्टरच पिशवीत घालून नेला तर उत्तम. एसीचा केबिन फिल्टर हा वेगळा भाग, तो डॅशबोर्डमागे असतो. काउंटरवर ही गल्लतही होते.

नवा आणि जुना शेजारी ठेवून आधी लांबी-रुंदी पाहावी, मग चुण्या मोजाव्यात. स्वस्त मालात चुण्या कमी आणि विरळ असतात. तेवढा कागद कमी, म्हणजे तो लवकर चोंदणार. चुण्या सरळ आणि सारख्या अंतरावर हव्यात, एकमेकींना चिकटलेल्या नकोत. दोन्ही टोकांचा गोंद सलग हवा. त्यानंतर सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रबरी कड. अंगठ्याने दाबून सोडली की ती लगेच फुगून वर आली पाहिजे. प्लास्टिकसारखी कडक लागली तर उन्हाळ्यात इंजिनच्या उष्णतेने ती आकसणार आणि धुळीला बाजूने वाट मिळणार. कागद कितीही भारी असो, कडेने हवा शिरली की सारे व्यर्थ. कडेची उंची जुन्याइतकीच हवी. मिलिमीटरभर कमी असली तरी डब्याच्या क्लिपा सहज लागतात, आणि ‘किती छान बसला’ असे वाटते. वास्तविक क्लिप लावताना थोडा जोर लागला पाहिजे.

सील नीट बसते का, हे घरी तपासता येते. डब्याच्या काठावर खडूची पूड बोटाने पातळ फिरवावी, फिल्टर ठेवून डबा बंद करावा आणि पुन्हा उघडावा. रबरावर चारही बाजूंनी न तुटलेली पांढरी रेघ उमटली पाहिजे. जिथे रेघ तुटते तिथून धूळ जाणार. मग खडू ओल्या फडक्याने पुसून फिल्टर बसवावा. हजारेक किलोमीटरनंतर डबा उघडून फिल्टरच्या पलीकडच्या, म्हणजे इंजिनकडच्या नळीत पांढरे कापड बांधलेले बोट फिरवावे. ऑइलचा किंचित तेलकटपणा चालेल, पण मातकट डाग आला तर कंपनीचे नाव कितीही मोठे असो, तो फिल्टर काढावा.

बसवतानाच्या चुकाही कमी नाहीत. डबा उघडण्याआधी झाकणावरची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. जुना फिल्टर न झटकता आडवाच बाहेर काढावा. डब्याचा तळ फडक्याने किंवा व्हॅक्यूमने साफ करावा. इंजिनकडची नळी उघडी असताना तिथे हवा मारणे म्हणजे धूळ आपल्या हाताने आत पाठवणे. तळाला पाणी निघण्याचे भोक असेल तर ते पाला-मातीने बुजलेले नाही ना ते पाहावे, नाहीतर पावसाळ्यात कागद खालून भिजतो. बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या डब्यात उंदरांनी आणलेल्या चिंध्या आणि शेंगांची टरफले सापडतात, तेव्हा कागद कुरतडलेला नाही ना हे बघावेच. झाकणाचे स्क्रू प्लास्टिकमध्ये बसतात. वाकडे घालून आवळले की आटे जातात, आणि तो कोपरा कायमचा उघडा राहतो.

सीएनजीचे जुने, मिक्सर पद्धतीचे (हवेच्या ओढीने गॅस मिसळणारे) किट असेल तर फिल्टर चोंदल्याने मिश्रण बिघडते, मायलेजवरही परिणाम होतो. बॅकफायर झाला, म्हणजे भडका उलटा हवेच्या नळीत आला, तर डबा तडकतो. अशा गाडीत डब्याची तडक दर वेळी पाहावी.

बदलायचा कधी, याचे उत्तर गाडीच्या पुस्तिकेत असते. अनेक गाड्यांना चांगल्या रस्त्यावर ४०,००० किलोमीटरपर्यंत मुदत असते, पण त्याच पुस्तिकेत धुळीच्या वापरासाठी वेगळा तक्ता असतो आणि तो कुणी उघडत नाही. ऊस वाहतुकीचे कच्चे रस्ते, खडी क्रशरचा परिसर, महामार्गाची वर्षानुवर्षे चाललेली कामे, गोव्यातल्या खनिज वाहतुकीची लाल धूळ, हे सारे त्या तक्त्यात मोडते. आमच्या मते अशा ठिकाणी मुदत निम्मी धरावी.

बाहेरचा फिल्टर लावला की वॉरंटी जाईल, या भीतीने अनेकजण गप्प बसतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असे म्हटले होते. सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असाही त्यात उल्लेख होता. त्यावर पुढे अपिले झाली, हेही खरे. वाद टाळायचा तर जीएसटीचे बिल घ्यावे आणि त्यावर पार्ट नंबर व किलोमीटर लिहून घ्यावेत. पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीचा संपर्क असणे नियमाने बंधनकारक आहे. हे नसलेला माल घेऊ नये. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहेच.

आमची एक मागणी या पत्राच्या निमित्ताने मांडतो. एअर फिल्टर किती धूळ अडवतो, किती धूळ साठवतो आणि हवेला किती अडथळा करतो, हे मोजायची आयएसओ ५०११ ही चाचणी जगभर वापरली जाते. तरीही दुकानातल्या पाकिटावर ‘हाय परफॉर्मन्स’ आणि ‘सुपर फ्लो’ असते, हे तीन आकडे नसतात. फ्रिजवर तारे छापता येतात तर फिल्टरच्या पाकिटावर तीन आकडे छापायला अडचण काय? ते छापणे सक्तीचे व्हावे. तोवर ग्राहकाने जुना फिल्टर गॅरेजमधून परत मागून घ्यावा आणि बिलात ‘एअर फिल्टर क्लीनिंग’ अशी ओळ दिसली, तर ती रक्कम कमी करायला सांगावे.

कळावे,
आपले नम्र,
वाहनदुरुस्ती व्यवसायातील काही वाचक, सोलापूर