आमच्या शेजारच्या ओमा

मा. संपादक,

कॅनडात हॅमिल्टनला आमच्या शेजारी राहणाऱ्या डच आजी गेल्या महिन्यात गेल्या. वय ९३. डचमध्ये आजीला ‘ओमा’ म्हणतात. नातवंडं-पतवंडं म्हणायची म्हणून आम्हीही त्यांना ओमाच म्हणू लागलो.

जन्म रॉटरडॅमचा. १४ मे १९४० रोजी जर्मन विमानांनी शहराचा मध्यभाग बेचिराख केला, तेव्हा त्या शाळकरी होत्या. १९४४-४५च्या ‘भुकेच्या हिवाळ्या’त, म्हणजे युद्धातल्या भीषण अन्नटंचाईत, घरात साखरेचं बीट आणि ट्यूलिपचे कांदे शिजत. ओटावाचा ट्यूलिप महोत्सव टीव्हीवर लागला की त्या हमखास सांगत, “मधला पिवळा गाभा काढून टाकायचा, तो बाधतो.” लोक फुलं बघत आणि यांना आठवायचा तो स्वयंपाक! माझ्या मुलाने ताटात टाकलेला अर्धा बटाटा त्यांनी एकदा काही न बोलता उचलून खाल्ला होता. त्याने पुन्हा कधी ताटात टाकलं नाही.

लग्नानंतर १९५२ साली बोटीने कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या ‘पिअर २१’ धक्क्यावर उतरल्या. मग शेतावर मजुरी, पाच मुलं, हळूहळू स्वतःचं घर. इंग्रजी शेवटपर्यंत तोडकंमोडकंच. आमचंही फार वेगळं नव्हतं, त्यामुळे गट्टी जमली.

दर ३१ डिसेंबरला त्या ‘ओलिबोलेन’ तळत, म्हणजे बेदाणे घातलेले आपले गुलगुलेच. पहिली ताटली आमच्याकडे यायची. यंदा थोरली मुलगी तळणार आहे. बेदाणे आम्ही नेणार आहोत.

– एक वाचक, हॅमिल्टन (ओंटारिओ)