उत्तरेकडच्या भिंतीबद्दल, सरांना आभारपत्र

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

आपण निवृत्त झाल्याचे कळले तेव्हापासून हे पत्र मनात आहे. जुन्या वास्तू आणि चर्च यांच्या जतनात आपण आयुष्य घालवलेत आणि त्यातली काही वर्षे मला आपल्या हाताखाली शिकायला मिळाली, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानतो.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून झालेली चूक मी विसरलेलो नाही. चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीतला चुना भुसभुशीत झाला होता आणि सांधे सिमेंटने भरावेत, असे मी अहवालात लिहिले होते. आपण रागावला नाहीत. त्याच भिंतीच्या ज्या भागात पूर्वी कोणीतरी सिमेंट भरले होते, तिथे आपण मला घेऊन गेलात. सांधे शाबूत होते, पण त्यांच्यामधला वालुकाश्म बोटाच्या पेराएवढा झिजून आत गेला होता आणि सिमेंटची नुसती जाळी पुढे उभी होती. आपण नखाने दगड खरवडलात, तेव्हा माझ्या तळहातावर चिमूटभर वाळू पडली. चुन्याच्या सांध्यातून भिंतीतली ओल बाहेर पडते, सिमेंट तिला अडवते. मग ती दगडातून वाट काढते आणि सुकताना मागे राहिलेल्या क्षारांचे स्फटिक दगडाचा पापुद्रा आतून फोडतात, हे त्या दिवशी मला कळले. सांधा दगडापेक्षा मऊच हवा, कारण सांधा पुन्हा भरता येतो, असे आपण म्हणालात. पोर्टलंड सिमेंटचे पेटंटच मुळी १८२४ सालचे. ती भिंत त्याच्या कितीतरी आधीची होती.

मनोऱ्याच्या कमानीवरच्या तड्याने विश्वस्त धास्तावले होते आणि एका ठेकेदाराने पोलादी पट्टे बसवण्याचा प्रस्तावही दिला होता. आपण तड्याच्या दोन्ही बाजूंना पितळी खुणा बसवल्यात आणि त्यांच्यातले अंतर दर महिन्याला मोजण्याचे काम माझ्याकडे सोपवलेत. व्हेनिसमधल्या सेंट मार्क चौकातला मनोरा १४ जुलै १९०२ रोजी कोसळला, त्याआधी काही दिवस त्याचा तडा वाढत गेला होता, हेही आपणच सांगितले होते. त्यामुळे प्रत्येक मोजणीच्या वेळी माझ्या पोटात गोळा यायचा. वर्षभराने नोंदी समोर मांडल्या, तेव्हा तडा थंडीत उघडतो आणि उन्हाळ्यात मिटतो, इतकेच दिसले. पट्टे बसवले गेले नाहीत.

झिजलेल्या मूर्तींना नवे चेहरे करून द्यायला एक देणगीदार तयार होते, त्यांना आपण नकार दिलात. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे, हे वास्तुजतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतले तत्त्व आपण त्यांना शांतपणे समजावलेत. मला तो नकार तेव्हा कठोर वाटला होता आणि एखाद्या ठिकाणी मी आजही थोडा अधिक मोकळा हात ठेवीन. पण त्या मूर्तींवर जे उरले आहे ते खरे आहे, आणि ते आपल्यामुळे उरले आहे.

सर्वांत अधिक ऋण मात्र पन्हळींचे आहे. जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी विल्यम मॉरिस यांनी इंग्लंडमध्ये १८७७ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेच्या जाहीरनाम्यात रोजच्या देखभालीचा जो आग्रह आहे, तो मी आपल्याला शिडीवर चढून, कोपरापर्यंत हात घालून पन्हळीतला पाला आणि पक्ष्यांची घरटी काढताना पाहून शिकलो. पन्हळ तुंबली की पाणी भिंतीत उतरते आणि तुळयांची भिंतीत बसवलेली टोके कुजतात. दुरुस्तीचे मोठमोठे खर्च अनेकदा तिथूनच सुरू होतात.

गेल्या महिन्यात त्या उत्तरेकडच्या भिंतीतले सिमेंट आम्ही पूर्णपणे काढले. हातछिन्नीनेच काढले, यंत्र लावू दिले नाही. नवा चुना अजून ओला आहे. त्यावर तरटे टाकली आहेत आणि ती रोज भिजवतो. चुना पुरता घट्ट झाला की आपण एकदा येऊन भिंतीवरून हात फिरवावा, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक जुना सहायक