शंका घ्या, पण जागा दाखवून

मा. संपादक,

परदेशातल्या राजकीय खटल्यांच्या बातम्या वृत्तसंस्थांकडून येतात आणि भाजीपावच्या टेबलावर लगेच दोन तट पडतात: एकाला सरकारी कथन पूर्ण मान्य, दुसऱ्याला सगळाच बनाव. कागद दोघांनीही पाहिलेला नसतो. लॉकरबी खटल्याचा २००१ चा निवाडा कोणालाही वाचता येतो. तो वाचला तर शंका कुठे घ्यायची ते नेमके कळते.

२१ डिसेंबर १९८८ रोजी पॅन ॲम या अमेरिकी कंपनीचे विमान बॉम्बस्फोटाने स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर कोसळून २७० जण ठार झाले. ज्युरी नसलेल्या स्कॉटिश न्यायालयाने लिबियाच्या मेग्राहीला दोषी ठरवले, दुसऱ्या आरोपीला सोडले. बॉम्बच्या सुटकेसमधले कपडे माल्टातल्या एका दुकानातून गेले होते आणि गिऱ्हाईक ओळखणारा साक्षीदार एकच, तो दुकानदार. १९८९ च्या जबाबात त्याने गिऱ्हाईक सहा फुटांहून उंच आणि पन्नाशीचे सांगितले. मेग्राही खरेदीच्या वेळी ३६ चा, उंची ५ फूट ८ इंच. ओळख परेडच्या चार दिवस आधी दुकानदाराने त्याचा फोटो मासिकात पाहिला होता. मग त्या परेडला अर्थ काय उरला? खरेदीची तारीख न्यायालयाने ७ डिसेंबर धरली. मेग्राही त्या दिवशी माल्टात होता. पण रस्त्यावर नाताळची रोषणाई अजून लागली नव्हती, असे दुकानदार आधी म्हणाला होता, आणि ती लागली ६ तारखेला. शिवाय निवाड्यानंतर त्याला अमेरिकेकडून २० लाख डॉलरचे बक्षीस मिळाले; बक्षिसात त्याला रस होता, ही नोंद बचाव पक्षाला दिलीच नव्हती.

हे मुद्दे कोणा हौशी शोधकाचे नाहीत. स्कॉटलंडच्या फौजदारी खटले फेरतपासणी आयोगाने सहा कारणांवरून २००७ मध्ये प्रकरण अपिलाकडे पाठवले. पोलिसांनी पुरावा पेरला हा आरोप मात्र त्याच आयोगाने फेटाळला. 'सगळा बनाव' म्हणणारे हे सांगत नाहीत आणि 'निवाडा झाला, विषय संपला' म्हणणारे ती सहा कारणे सांगत नाहीत. बॉम्बच्या टायमरचा तुकडा ज्या पुराव्याच्या पिशवीत सापडला तिच्यावरचा 'कापड' हा शब्द बदलून 'ढिगारा' केलेला होता. त्यावरची पोलीस अधिकाऱ्याची साक्ष न्यायाधीशांनाच टाळाटाळीची वाटली, तरी तुकडा पुराव्यात राहिला. मेग्राहीच्या मृत्यूनंतरचे अपील २०२१ मध्ये फेटाळले गेले, हेही नोंदवायला हवे.

उलट एमएच-१७ पाहा. २०१४ मध्ये मलेशियाचे हे प्रवासी विमान युक्रेनवर पाडले गेले आणि २९८ जण मेले. रशियाने आधी लढाऊ विमानाकडे बोट दाखवले, रशियाच्याच क्षेपणास्त्र कंपनीने पुढे 'बुक' या जमिनीवरून डागायच्या क्षेपणास्त्राचे नाव घेतले, फक्त डागल्याची जागा दुसरी सांगितली. हेगच्या न्यायालयाने २०२२ मध्ये तिघांना दोषी ठरवले आणि चौथ्याला सोडले. पर्यायी कथनच दर वर्षी बदलत असेल तर त्यालाही तोच निकष लावायला नको का?

आपल्या गोव्यातही वेगळे नाही. २००८ मध्ये हणजुणे किनाऱ्यावर एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी आधी बुडून मृत्यू म्हटले. दुसऱ्या शवचिकित्सेत अंगावर ५० हून अधिक जखमा निघाल्या. २०१६ मध्ये बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना सोडले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने एकाला दहा वर्षांची शिक्षा दिली. पहिल्या बातमीवर थांबलेला वाचक आजही 'बुडाली' म्हणत असेल.

म्हणून विनंती एवढीच, की अशा बातमीत विधान पोलिसांचे, वकिलांचे की न्यायालयाचे, खटला आरोपपत्रावर की अपिलात, हे पहिल्या परिच्छेदातच छापावे. लॉकरबी प्रकरणातलाच आणखी एक लिबियन आरोपी अबू अगिला मसूद डिसेंबर २०२२ पासून अमेरिकेच्या ताब्यात आहे. त्याच्यावरचा मुख्य आधार २०१२ मध्ये लिबियाच्या कोठडीत दिलेला कबुलीजबाब. तो कोणी घेतला, त्या वेळी त्याच्यासोबत वकील होता का आणि जबाब स्वेच्छेने दिला होता का, हे त्या खटल्याच्या बातम्यांत आधी यावे.

— एक वकील, म्हापसा