मास्तरांची फेन्स आणि आपलं टेबल

प्रिय मित्रा,

मास्तरांनी पोझिशनर मला दिला.

दुसऱ्या कोणाला हे लिहिलं असतं तर पुढे चार पानं समजावत बसावं लागलं असतं. तुला नाही. आपण सुतारकाम शिकत असताना ज्याच्या खिट्टीला हात लावला तरी मागून खाकरणं ऐकू यायचं, तो इन्क्रा कंपनीचा, राउटरच्या टेबलावर फेन्स मोजून मागे-पुढे सरकवणारा पोझिशनर सुरुवातीला फेन्ससकट, म्हणजे लाकूड टेकवायच्या त्या लांब भिंतीसकट, माझ्या पलंगाखाली जुन्या चादरीत गुंडाळलेला होता. त्यांची नजर आता पट्टीवरच्या बारीक रेघांना पुरत नाही. काकूंनी फोन करून बोलावून घेतलं. मास्तर एवढंच म्हणाले, "वापरणार असशील तरच ने." तुझी चौकशी केली. अंगठ्याचीही.

इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, माझी साखर आटोक्यात आहे.

आता मुद्द्यावर येतो. हा पोझिशनर लावायचा कशावर? माझ्याकडे आहे ते आपलं राउटरचं टेबल, तू अर्धे आणि मी अर्धे पैसे घालून घेतलेलं, उचलून कुठेही नेता येईल असं. ओरडू नकोस, त्याला अजून एकही भोक पाडलेलं नाही. पाडायचं म्हटलं तरी सोपं नाही. वरचा भाग ओतीव ॲल्युमिनियमचा, खाली जाळीसारख्या फासळ्या, आणि पोझिशनरच्या बुडाची भोकं नेमकी फासळ्यांवर येतात. शिवाय टेबलाची खोली एवढीशी. राउटरचा बिट, म्हणजे फिरून लाकूड कापणारं पातं, मध्यावर, त्याच्या मागे फेन्स, आणि तिच्यामागे पोझिशनरचं लांबलचक शेपूट. ते जवळजवळ सगळंच टेबलाबाहेर अधांतरी जातं. मागे एवढं वजन लोंबल्यावर हे हलकं टेबल पुढून उचललं जाणारच.

पहिला विचार तुझ्याही मनात आला असेल: टेबलाच्या मूळ फेन्सच्या खाचांतच प्लायची पाटी घट्ट करायची आणि पोझिशनर तिच्यावर बसवायचा. पण १८ मिलिमीटरची पाटी घातली की पोझिशनर तेवढाच वर उचलला जातो आणि फेन्सची खालची कड टेबलापासून तेवढीच वर राहते. बारीक पट्टी सरळ खालून आत शिरेल. म्हणजे पोझिशनरचं बूड टेबलाच्या पातळीतच हवं, आणि तेही टेबलाच्या मागे.

शेवटी मी वेगळा रस्ता घेतला. टेबलाच्या पायांना बाकावर बोल्टने बसवण्यासाठी मुळात भोकं आहेतच. खाली प्लायचा एक लांब पाट केला, त्या भोकांतून टेबल त्यावर बोल्टने आवळलं, आणि मागच्या बाजूला पाटावर टेबलाच्या उंचीची पेटी उभी केली. पोझिशनर त्या पेटीवर. टेबल जसंच्या तसं, उद्या तुला हवं असेल तर चार बोल्ट काढून घेऊन जा. पेटीची उंची मात्र जिवावर आली. टेबलावरून पेटीवर सरळपट्टी आडवी टाकायची, खालून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, सारायचा, आणि जिथे फट दिसेल तिथे पेटीखाली विनियरचा, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचा, तुकडा घालायचा. पेटी मागे किंचित जरी बसली तरी फेन्सचं डोकं मागे कलतं.

इथे आपलं जुनं भांडण येतं, तर ते एकदाचं मिटवूनच टाकतो. तुझं म्हणणं, फेन्स पोझिशनरला तंतोतंत गुण्यात, म्हणजे काटकोनात, हवी, नाहीतर सगळी मापं खोटी. मी तेव्हाही नाही म्हणत होतो. आता आकडे देतो. फेन्स एक अंशाने तिरकी असली, तर पोझिशनर १०० मिलिमीटर सरकल्यावर बिटापासूनचं खरं अंतर ०.०१५ मिलिमीटरने कमी भरतं. याच पोझिशनरच्या बारीक चकतीवरची एक रेघ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर. म्हणजे चूक एका रेघेच्याही आत. बिट गोल आहे रे. त्याला फेन्स कुठल्या दिशेला तोंड करून उभी आहे याचं काही पडलेलं नाही, फक्त ती किती दूर आहे एवढंच कळतं. टेबलाच्या कडेशी फेन्स समांतर करण्यात तू घालवलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी मला परत हव्यात, तेवढ्यात आपल्या दोघांच्या घरचे खण करून झाले असते!

पण उभा गुण्या वेगळा. खणाची बाजू डव्हटेलसाठी, म्हणजे शेपटीच्या आकाराच्या जोडासाठी, आपण फेन्सला टेकवून उभी धरतो, आणि तिथे तोच एक अंश ५० मिलिमीटर उंचीवर जवळजवळ ०.८७ मिलिमीटरचा फरक पाडतो. पाव सुतापेक्षा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त! जोड एका बाजूने गच्च आणि दुसऱ्या बाजूने उघडा. म्हणून माझी सगळी काळजी त्या पाटाची आहे. फेन्सच्या वरच्या कडेला, बरोबर बिटाच्या वर, डायल गेज, म्हणजे बारीकशी हालचालही काट्याने दाखवणारं माप, लावला आणि अंगठ्याने दाबून पाहिलं. काटा हलला. फेन्स नव्हती हलत, पोझिशनरही नाही. खालचा प्लायचा पाट पीळ खात होता. पाटाच्या खाली उभ्या फासळ्या सरसाने चिकटवून दुसऱ्या बाजूनेही प्लाय बंद केल्यावर, म्हणजे पाटाचीच पोकळ पेटी झाल्यावर, काटा जागेवर राहिला. वजन वाढलं, पण अजून एकट्याला उचलता येतं.

पहिला जोड काढला तेव्हा तू हवा होतास. साधाच, एकमेकांत शिरणाऱ्या चौकोनी बोटांचा. पोझिशनरच्या स्क्रूला इंचाला ३२ आटे, म्हणजे एक घर पाव सुताचं. दोन सुताचा बिट, चार सुतांवर पुढची खाच, तर दर वेळी १६ घरं. खिट्टी उघडायची, सरकवायची, मिटायची, आणि आट्यात बसल्याचा तो बारीक खट्ट आवाज. आपल्या खुंटीच्या जिगवर, म्हणजे साच्यावर, प्रत्येक बोट आधीच्या बोटावरून मोजलं जायचं, एकात ०.१ मिलिमीटर चुकलं की दहाव्या बोटापर्यंत एक मिलिमीटर व्हायचं. इथे प्रत्येक खाच स्क्रूवरून मोजली जाते, मागची चूक पुढे येत नाही. दोन फळ्या हाताने दाबल्या आणि बसल्या. हातोडी नाही, भुसा भरणं नाही. मी एकटाच खोलीत मोठ्याने ओरडलो, शेजारच्या काकांनी दार वाजवलं.

आणि हो, तुझ्या अंगठ्याची शपथ घेऊन सांगतो, खाच रुंद करायची असेल तेव्हा मी फेन्स मागेच नेतो. पुढे आणली की बिट खाचेच्या फेन्सकडच्या भिंतीला लागतो, तिथे त्याचे दात आपण लाकूड ढकलतो त्याच दिशेला फिरत असतात आणि फळी हातातून ओढून नेतात. पोझिशनरवर हा मोह फार होतो, कारण मागे-पुढे दोन्हीकडे सरकवणं सारखंच सोपं. म्हणून मी अरुंद माप आधी काढतो, कडेच्या जवळचं, आणि मग एकेक घर मागे. अंगठ्याचं झालं त्या दिवशी तू उलट केलं होतंस असं मी अजूनही म्हणतो. तू म्हणशील लाकडात गाठ होती. असो.

आता जे मनाला खात आहे ते. मास्तरांची फेन्स माझ्या टेबलापेक्षा बरीच लांब आहे. दोन्ही बाजूंना टोकं बाहेर येतात आणि त्यांच्याखाली टेबलच नाही, म्हणजे तेवढ्या लांबीचा उपयोग शून्य. उलट तेवढं वजन एका बारीक पोझिशनरच्या नाकावर. येता-जाता धक्का लागतो, दारातून नेताना आडवी करावी लागते, आणि प्रत्येक धक्क्यानंतर मी गुण्या घेऊन उभा गुण्या तपासत बसतो. शहाणा माणूस कापून टाकील. ॲल्युमिनियमच आहे, करवतीला बारीक दातांचं पान लावलं की झालं. पण त्या फेन्सच्या वरच्या खोबणीत मास्तरांनी पेन्सिलीने केलेल्या खुणा आहेत, कुठल्या कपाटाच्या, कुठल्या देव्हाऱ्याच्या, त्यांनाच माहीत. डाव्या टोकाजवळ तुझं आद्याक्षर पटाशीने कोरलेलं आहे. त्यावरून तुला बसलेली बोलणी आठव. ते टोक कापायचं?

"वापरणार असशील तरच ने," हे डोक्यातून जात नाही. न कापता गुंडाळून ठेवली तर वापरली नाही असं होतं. कापली तर मास्तरांना सांगायचं कसं? काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या, "त्यांनी स्वतः त्या फेन्सचं तोंड कितीदा बदललंय, तू कसला विचार करतोस." मला ते पटलं आणि नाहीही पटलं. तोंडाची लाकडी पट्टी बदलणं वेगळं.

मी सध्या असं ठरवतो आहे: खरा जीव पोझिशनरमध्ये आहे, फेन्स ही त्याच्या पुढची भिंत. तर टेबलाच्या रुंदीएवढी एक आखूड फेन्स आपणच करायची, १८ मिलिमीटर प्लायचे दोन थर चिकटवून, पुढून सागाची पट्टी, मागे त्रिकोणी आधार, आणि मास्तरांचीच बैठक वापरून बोल्टने बसवायची. लांब फेन्स तशीच राहील, कधीतरी मोठं टेबल होईलच. पण पुढची पट्टी सरळ आणि सपाट रंधणं हे तुझं काम आहे. माझ्या हाताचा रंधा शेवटच्या वितीत खाली जातोच, तुला माहीत आहे. तुझं मत कळव, आणि "तुला हवं ते कर" असं उत्तर देऊ नकोस.

तुझ्या बदलीचं कळलं. नव्या घरात बाक मावतो का? धाकटीला सांग, परीक्षा झाली की काकाकडे ये, तुला जोड काढायला शिकवतो. वहिनींचा पाय आता कसा आहे?

आणखी एक काम. मास्तरांचा स्क्रू इंचात आहे आणि माझे बिट ६ मिलिमीटरचे. १२ मिलिमीटरला तो पुरी घरं देत नाही, म्हणून मागचा जोड शेजारच्या काकांकडून उसन्या आणलेल्या पाव इंची बिटावर काढला, तो परत करावा लागला. तुझ्याकडचा पाव इंची सरळ बिट आणि त्याचं पाव इंची कोलेट, म्हणजे राउटरमध्ये बिटाची दांडी धरणारी पकड, दोन्ही पाठव. नुसता बिट नको. त्याची दांडी पाव इंची आहे, ६ मिलिमीटरच्या कोलेटात ती शिरणारही नाही, आणि उलटं केलं तर ६ची दांडी पाव इंची कोलेटात घट्ट धरली जाणार नाही. पाठवण्याआधी बिटाच्या पात्याचा व्यास कॅलिपरने मोजून चिठ्ठीवर लिही. धार लावून लावून तो बारीक झाला असेल तर खाच अरुंद येईल आणि बोटं आत जाणार नाहीत, मग मी उगाच पाटाला दोष देत बसेन.

मास्तरांना फोन कर. रविवारी सकाळी ते घरी असतात.

तुझाच