'सारखा' दिसलं की उपमा?

संपादक साहेब, नमस्कार.

माझी मुलगी दहावीला आहे. परवा तिचा टेस्टचा पेपर बघत होते, अलंकार ओळखा मध्ये वाक्य होतं 'देवगडच्या हापूससारखा हापूस देवगडचाच' आणि हिने बिनधास्त उपमा लिहिलेलं. विचारलं तर म्हणते, मम्मी क्लासमध्ये ट्रिक दिलीय, सम, सारखा, प्रमाणे दिसलं की उपमा, जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, पूर्ण वाक्य वाचत बसायचं नाही टाइम जातो. खरंच वाईट वाटलं मला. अहो तो अनन्वय आहे, तोडीचं दुसरं काही सापडतच नाही म्हणून त्या वस्तूला तिचीच उपमा द्यायची, आणि आमच्या सासूबाई दर सीझनला आढी लावताना हेच तर म्हणतात, "देवगडच्या आंब्यासारखो आंबो देवगडचोच". पोरीने हे लहानपणापासून ऐकलंय, पण पेपरात समोर आलं तर ओळखीचं वाटलं नाही.

मग गाइड मिटवलं आणि दोघी पडवीत बसलो. समोर खाडी. आरशासारखी म्हटलं तर उपमा, जणू आरसाच म्हटलं तर उत्प्रेक्षा, आणि 'खाडीच्या आरशात माड वाकून तोंड बघतायत' म्हटलं तर खाडी आरसाच झाली म्हणजे रूपक, वर माडांना माणसासारखं वागवलं म्हणून चेतनगुणोक्ती पण. या शेवटच्या वाक्यात ट्रिकमधला एक तरी शब्द आहे का सांगा.

आवाजाचं तर कानानेच कळतं. 'चोराच्या मनात चांदणं' मध्ये च वाजतो तो अनुप्रास, 'गरज सरो वैद्य मरो' मध्ये सरो-मरो जुळतं ते यमक. पाऊस रिपरिप म्हटला की नुसता कंटाळा, धो धो म्हटला की छत्री घेऊन पण उपयोग नाही. देवळातलं गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं घ्या, दर वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, तेवढं काढून म्हणून बघ म्हटलं तर तिलाच जाणवलं की नुसती मागण्यांची यादी उरते, अंगावर काटा येत नाही.

माझी विनंती एवढीच की तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर मुलांनी आपल्या घरात, बंदरावर, एसटीत ऐकलेल्या अलंकारांना थोडी जागा द्या, आणि शाळेत पण मास्तरांनी आधी वाक्य मोठ्याने वाचून घ्यावं, नाव नंतर विचारावं. सुरुवातीला आमच्या पोरीचा श्लेष, म्हणजे एकाच शब्दाचे दोन अर्थ, पाठवते, तिने त्याच संध्याकाळी स्वतः केला, "बंदरात दिवसातून दोनदा भरती, दादाच्या ऑफिसात दोन वर्षं भरतीच नाही."

एक पालक, देवगड, जि. सिंधुदुर्ग