शौचाला रक्त : परस्पर ‘मूळव्याध’ ठरवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लोकलच्या डब्यात दारापाशी ‘मूळव्याध, भगंदर, ऑपरेशनशिवाय बरे’ अशी चिटोरी चिकटवलेली असतात. शौचाला रक्त दिसले की माणसाला पहिली तीच आठवतात. मलम आणले जाते, इसबगोल सुरू होते, मिरची बंद होते. रक्त अधूनमधून थांबते आणि बरे वाटल्यासारखे होऊन चार-सहा महिने निघून जातात. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग असेल तर तो याच महिन्यांत वाढतो.

बहुतेकांना खरोखर मूळव्याधच असते. पण मूळव्याध आणि कर्करोग एकाच माणसात असू शकतात, म्हणून तपासल्याशिवाय नाव देऊ नये. पहिली तपासणी अगदी साधी आहे : डॉक्टरांनी हातमोजा घालून बोटाने गुदमार्ग तपासणे. मिनिटभराचे काम, यंत्र लागत नाही. बोट ७-८ सेंटिमीटर आत पोचते, त्यामुळे गुदाशयाच्या खालच्या भागातली गाठ लागलीच कळते. रुग्ण लाजतो, दवाखान्यात गर्दी असते, आणि हे मिनिट राहून जाते. तेव्हा ‘डॉक्टर, आतून तपासून बघता का?’ असे रुग्णानेच विचारावे. तिशी-पस्तिशीतल्यांनीही.

रक्ताखेरीज तीन आठवड्यांहून जास्त काळ शौचाची सवय बदलणे, शेंब पडणे, जाऊन आल्यावरही पुन्हा जावेसे वाटणे याही खुणा आहेत. गाठ आतड्याच्या उजव्या भागात असेल तर रक्त डोळ्यांना दिसतही नाही. हिमोग्लोबिन घसरत जाते, जिना चढताना दम लागतो. पुरुषात किंवा पाळी गेलेल्या बाईत लोहाची कमतरता निघाली, तर गोळ्यांवर न थांबता रक्त कुठून जाते ते शोधायला हवे. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला हा कर्करोग झाला असेल, तर वयाच्या ४० व्या वर्षी किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या १० वर्षे आधी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदमार्गातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करावी. तीत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरचा छोटा कोंब, सापडला तर बहुधा तिथेच काढता येतो, आणि पॉलिपचा कर्करोग व्हायला सहसा अनेक वर्षे लागतात.

ही तपासणी फसते ती तयारीत. आदल्या दिवशी पालेभाजी, पेरू, डाळिंब, तीळ बंद. मऊ भात आणि वरणाचे पाणी चालते. कोकम सरबत नको, त्याचा लाल रंग रक्तासारखा दिसतो. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधीच थांबवतात. रक्त पातळ करणारी औषधे आणि इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. जुलाबाच्या औषधाचे द्रावण अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या ४ ते ६ तास आधी घ्यायचे असते. ‘पोट साफ झाले’ म्हणून बरेच जण दुसरा अर्धा भाग सोडून देतात. मग रात्रीत लहान आतड्यातून उतरलेला स्राव उजव्या बाजूला चिकटून राहतो आणि नेमकी तीच बाजू दिसत नाही. शेवटी पडणारे पाणी पिवळसर आणि स्वच्छ हवे.

निदान झाल्यावर आणखी काही आठवडे जातात ते पोटावरच्या पिशवीच्या भीतीने. शस्त्रक्रियेत आतड्याचे तोंड पोटावर काढतात, त्याला स्टोमा म्हणतात, आणि मळ त्यावर चिकटवलेल्या पिशवीत जमतो. प्रत्येकाला ती लागत नाही, आणि बऱ्याच जणांची काही महिन्यांनी बंदही करता येते. लागणार असेल तर जागेची खूण शस्त्रक्रियेआधी, रुग्णाला बसवून, उभे करून, वाकवून करून घ्यावी. परकराची नाडी किंवा पट्टा जिथे येतो ती रेघ आणि पोटाची वळी टाळावी, नाहीतर पुढे पिशवी रोज गळते.

स्टोमा लाल आणि ओलसर असतो, त्याला हात लावला तरी दुखत नाही. पुसताना थोडे रक्त आले तर घाबरू नये. तो काळा-जांभळा पडला तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीचे भोक स्टोमापेक्षा २-३ मिलिमीटरच मोठे कापावे. जास्त मोठे झाले की मळ कातडीवर येतो आणि आग होते. पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमा आक्रसत असतो, म्हणून दर वेळी नव्याने मापावा. साध्या पाण्याने धुऊन कातडी कोरडी टिपावी. तेल, क्रीम, डेटॉल लावले की चकती धरत नाही. मुंबईच्या घामात ती लवकर सुटते, तेव्हा गळण्याची वाट न पाहता तीन-चार दिवसांनी बदलावी आणि पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी. लहान आतड्याचा स्टोमा असेल आणि दिवसाला दीड-दोन लिटर पाणी जात असेल, तर नुसते पाणी पिऊन भागत नाही. ओआरएस घ्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही स्टोमा असलेल्यांसाठी काम करणारी संस्था मुंबईतच आहे, हेही घरच्यांना माहीत असावे.

लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यातून कर्करुग्णांना प्रवास करता येतो. पिशवी कपड्यांखाली असल्याने हा माणूस धडधाकट दिसतो आणि त्याला उठवले जाते. रुग्णालयाचा दाखला जवळ ठेवावाच, पण सहप्रवाशांनीही चारचौघांत शर्ट वर करायला लावू नये. रेल्वे आणि महापालिकेकडे मागणी एवढीच : स्थानकांवरच्या आणि सार्वजनिक शौचालयांत निदान एका खोलीत कपडे अडकवायला खुंटी, सामान ठेवायला छोटी फळी, आतच नळ आणि झाकणाचा कचऱ्याचा डबा असावा.

– कर्करोग व स्टोमा विभागात काम करणाऱ्या परिचारिका, परळ, मुंबई